सफारी सूट खाली गेला, सुमनताई वरच राहिल्या

उंचावरून पडून जिवंत राहिलेला माणूस कसा ओळखायचा? सोपं आहे. तो न विचारता सांगतो. मी इतकी वर्षं न विचारताच सांगत आलोय. त्यामुळे संपादकांनी आपणहून फोन केला, "गायकवाड, दोरीवरच्या कामाबद्दल दिवाळी अंकाला काही लिहाल का?" तेव्हा मला आयुष्यात पहिल्यांदा काही सुचेना. बायको म्हणाली, "तोंडाने सांगता तेच लिहा. फक्त मजले कमी करा." लिहितोय. मजल्यांचं बघू.

माझं काम इमारती धुवायचं. नवी मुंबईत काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या तेव्हा त्या बांधणाऱ्यांच्या लक्षात आलं, की काचेवर धूळ बसते आणि बाहेरून पुसायला तिथे उभं राहायला जागा नसते. मग आमच्यासारखे लोक कामी आले. गच्चीवरून दोरी सोडायची, कमरेला पट्टा, बुडाखाली फळी, बाजूला बादली, आणि एकेक मजला पुसत खाली यायचं. आत एसीत बसलेला माणूस, बाहेर मी, मध्ये काच. त्याला मी मत्स्यालयातला मासा वाटायचो आणि मला तो.

या धंद्याचे दोन नियम. दोऱ्या दोन लावायच्या, एक कामाची आणि एक भीतीची, आणि दोन्ही वेगवेगळ्या जागी बांधायच्या. दुसरा नियम, लटकायचं ते सकाळी. ऊन चढायच्या आत खाली यायचं, कारण दुपारनंतर वारा उठतो आणि माणूस देवळाच्या घंटेतल्या लोलकासारखा भिंतीवर वाजायला लागतो. अख्ख्या नोकरीत मी जेवणानंतर दोरीवर गेलो नाही. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, पुढे ते माझ्याच अंगावर येणार आहे.

आता पडण्याचं. रबाळ्याला एका उंच कारखान्याची भिंत रंगवत होतो. सुरुवातीचे दिवस. तेव्हा आम्हाला एकच दोरी मिळायची, भीतीची दोरी चैन समजली जायची. कठड्याच्या पत्र्याला धार होती, दोरी त्यावर घासत राहिली, आणि अकराव्या मजल्यावर माझी आणि तिची फारकत झाली. काही जुने सहकारी सातवा मजला म्हणतात. ते खाली उभे होते. खालून मजले कमीच दिसतात.

लोक विचारतात, पडताना काय दिसतं? आयुष्याचा चित्रपट वगैरे काही नाही. मला दहाव्या मजल्यावर एक बाई डबा उघडताना दिसल्या, भेंडी होती. आठव्यावर दोघे कॅरम खेळत होते, त्यातला एक रडी खेळत होता, मी ओरडणार होतो पण वेळ नव्हता. पाचव्यावरचे सुपरवायझर झोपले होते. नंतर आधी हिरवी जाळी आली, ती फाटली. मग पत्र्याची शेड, ती वाकली. शेवटी शेजारच्या गाद्यांच्या कारखान्याने बाहेर टाकलेल्या फोमच्या कातरणांचा ढीग. मी वाचलो तो या तिघांमुळे. सरळ जमिनीवर गेलो असतो तर तिने मला एका दमात थांबवलं असतं. या तिघांनी मिळून मला हप्त्याहप्त्याने थांबवलं. उंचावरून वाचलेल्या कुठल्याही माणसाची गोष्ट ऐका, झाड असो, बर्फ असो की भिजलेली माती, मध्ये कोणीतरी असा हप्ता बांधून दिलेला असतो.

माझं एक गळ्याचं हाड मोडलं आणि एक चप्पल गेली. ढिगातून डोकं वर काढलं तर वॉचमन समोर. म्हणाला, "ओ, इकडून एन्ट्री नाय. गेटवर सही करून या."

यातली थट्टा मी मनसोक्त करतो. पण त्याच वर्षी आमच्या टोळीतला रघू दुसऱ्या मजल्यावरून पडला. शिडीवरून म्हणा ना. खाली सपाट फरशी होती, मध्ये काहीच नव्हतं. तो उठला नाही. त्याची गोष्ट मी कुठेच सांगत नाही, आणि त्या दिवसानंतर माझ्या हाताखाली एका दोरीवर कोणी लटकलं नाही. बस. पुढे चला.

निवृत्त होऊन जुईनगरला घरी बसलो होतो. एके दिवशी परांजपे साहेबांचा फोन आला. कोपरखैरण्याला खाडीच्या बाजूला एक टॉवर आहे, त्याच्या सोसायटीचे हे चेअरमन, राहणार एकतिसावा मजला. त्यांच्या काचा आम्ही पुसल्या होत्या, म्हणून ओळख.

"गायकवाड, तुम्ही उंचावरून पडला होतात ना?"

"सोळाव्या मजल्यावरून, साहेब."

"मागे अकरावा म्हणाला होतात."

"तेव्हा तुमची ओळख नवीन होती."

साहेब हसले, पण लगेच आवाज उतरला. "जरा घरी या. मी पॅराशूट मागवलंय. दोन."

गेलो. दिवाणखान्यात सोफ्यावर दोन मोठ्या बॅगा, एक निळी, एक केशरी. शाळेची दप्तरं असावीत तशा, पण हत्तीच्या शाळेची. साहेबांनी समजावलं. बॅग पाठीवर बांधायची, तिची एक दोरी खिडकीच्या मजबूत कडीला अडकवायची आणि उडी मारायची. माणूस खाली जातो, दोरी बॅगेतलं कापड बाहेर ओढते, ते उघडतं आणि आपण तरंगत जमिनीवर. आग लागली, लिफ्ट बंद, जिन्यात धूर, तर खिडकीतून निघायचं.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"एक यांचं, एक माझं," आतून आवाज आला. "केशरी माझं. खास मोठ्या मापाचं मागवलंय. उघडलं की अख्ख्या सेक्टरवर सावली पडेल."

या सुमनताई, साहेबांच्या मिसेस. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य गेलं, त्यामुळे आवाज असा की स्वयंपाकघरातून बोलल्या तरी आपण कान फोनला लावावा. शरीर भारदस्त, दोन्ही गुडघे संपावर. घरातल्या घरात वॉकर धरून चालायच्या. जिना? एक पायरीसुद्धा नाही.

साहेबांनी मला गॅलरीत नेलं आणि हळू आवाजात सांगितलं. मागच्या महिन्यात आगीची घंटा वाजली, लिफ्ट बंद झाली. सगळा टॉवर जिन्याने खाली पळाला. हे दोघे वरच राहिले. "ही म्हणाली, तुम्ही जा. मी म्हटलं, कुठे जाऊ? मग आम्ही सोफ्यावर हात धरून बसलो. अर्ध्या तासाने कळलं, घंटा बिघडली होती. पण गायकवाड, तो अर्धा तास..." त्यांनी कठड्याखाली बोट दाखवलं. खाली खाडी, तिवरं, चिमण्यांएवढ्या गाड्या. एवढ्या उंचावरून सुमनताईंना खाली कसं आणायचं, हा खरा प्रश्न होता. त्या माणसाला दुसरं उत्तर सापडलं नाही म्हणून त्याने आकाशाकडून घेतलं.

इथे शहाण्या माणसाने काय करावं? म्हणावं, साहेब, हे धाडस करू नका. पण मी म्हणालो, "आधी मी उडी मारून बघतो."

खोटं कशाला बोलू, मला हावच सुटली होती. एकदा पडलो तेव्हा काही तयारी नव्हती. या खेपेला व्यवस्थित कपडे करून पडायचं होतं.

सुमनताई बाहेर आल्या. "गायकवाड, बायकोला विचारलंत?"

"ती म्हणेल, जा."

"मग आधी बाहुलं टाका. बाहुल्याला बायको नसते."

असं ठरलं. रविवारी आधी बाहुलं, ते नीट उतरलं तर मी, आणि मी नीट उतरलो तर साहेब. सुमनताई कधी, हे कोणी बोललं नाही.

बाहुलं मी आणि हरेशने बनवलं. हरेश पाटील हा माझा जुना जोडीदार, टॉवरशेजारच्या बोनकोडे गावचा आगरी. पंचवीस मजल्यांवर लटकून पलीकडच्या बिल्डिंगमधल्या पोरीला तंबाखूची पुडी मागणारा माणूस. जुन्या गादीचा कापूस, वाळूच्या पिशव्या, डोक्याच्या जागी फुटबॉल. साहेबांनी आपला नोकरीतला राखाडी सफारी सूट दिला आणि पांढरी टोपी. बाहुलं तयार झालं तेव्हा लांबून हुबेहूब साहेब. सुमनताई म्हणाल्या, "हा जास्त ऐकून घेणारा वाटतो."

रविवारी हरेश सारखा घड्याळ बघत होता. "मामा, आज आमचे पुतन्याची हलद हाय. मना येल नाय."

"बाहुलं खाली गेलं की सुट."

आता माझी चूक. रविवारी सकाळी मी गच्चीवर गेलो, रुमाल धरून वारा बघितला. वारा गावाकडून खाडीकडे. झकास. बाहुलं टॉवरमागच्या मोकळ्या मैदानात जाईल असा मी खिडकीचा हिशोब केला. पण कमिटीच्या सभासदांना रविवारी दुपारची झोप लागते, म्हणून कार्यक्रम ठेवला संध्याकाळी पाचला. आणि मला, आयुष्यभर सकाळी लटकून सकाळीच उतरलेल्या माणसाला, संध्याकाळी पाचला वर वारा कुठून कुठे जातो हे माहीतच नव्हतं. सकाळचा वारा माझा सख्खा, संध्याकाळच्याची माझी ओळखही नव्हती.

पाच वाजले. खाली सोसायटी जमली, माना वर. मी पट्टा बांधून तयार, पाठीवर निळी बॅग, कारण पुढचा नंबर माझा. केशरी बॅग बाहुल्याच्या पाठीवर. साहेबांनी आकडे मोजायला सुरुवात केली. हरेश म्हणाला, "साहेब, मोजता काय, ढकला." आणि ढकललं.

सफारी सूट खाली गेला. दोन मजले, तीन मजले, फट्! केशरी कापड असं उघडलं की काही विचारू नका. खाली टाळ्या. सुमनताई खिडकीशी बसल्या होत्या, म्हणाल्या, "अगंबाई, किती छान!" आणि त्याच क्षणी खाडीकडून वारा आला. बाहुलं खाली जायचं सोडून आडवं निघालं. आधी टॉवरच्या भिंतीकडे वळलं, अठराव्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरीला बूट लावून सुटलं, आणि मग मैदानाकडे पाठ करून सरळ बोनकोड्याच्या दिशेने. पाठीवर हात बांधून फिरायला निघाल्यासारखं.

"गायकवाड," साहेब म्हणाले, "मी कुठे चाललोय?"

हरेश डोळ्यांवर हात धरून बघत होता. त्याचा चेहरा बदलला. "मामा... त्यो आमचे मांडवाव चाललाय!"

मी माझ्या पाठीवरची बॅग सोडली. अगदी हळूच, कोणाचं लक्ष नाही असं बघून.

आगरी माणसाची हळद तुम्ही पाहिली नसेल तर लग्न पाहिलंत असं म्हणू नका. लग्न हा नंतरचा उपचार. हळदीला मांडव असा की खाली विमान लपवावं. बँजो, स्पीकर, अख्खं गाव. आणि हल्ली नवरदेवाची एन्ट्री हा एक विषय झालाय. कोणाचा नवरदेव बैलगाडीतून येतो, कोणाचा जेसीबीच्या फावड्यात बसून. मांडवात लोक जमलेले, माईकवाला रंगात आलेला, आणि वरून केशरी छत्री.

आम्ही रिक्षाने पोचलो तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. हरेशच्या भावाने सांगितलं. सफारी सूट मांडवाच्या कापडावर बसला, तिथून घसरला आणि नाचायला मोकळ्या ठेवलेल्या जागेत बरोब्बर मध्यभागी उतरला. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. मग माईकवाला गरजला, "अरे कोन आयलाय रं वरशी! नवरदेवाचं पाव्हनं! वाजव रे!" आणि बँजो सुटला.

सगळ्यांना वाटलं नवरदेवाच्या मित्रांनी केलेली एन्ट्री. पाहुणे मान खाली घालून बसलेत, म्हणजे उंचीने चक्कर आली असणार. एका आत्याने पाणी पुढे केलं. दुसरीने गालाला हळद लावली, तेव्हा तिला फुटबॉलची शिवण लागली. ती किंचाळली. आणि मग जो हशा उठला! पण आलेल्या पाहुण्याला परत कोण पाठवतो? त्यांनी सफारी सूटला खुर्चीत बसवलं, नखशिखांत हळद लावली, हार घातला आणि भोवती नाचायला लागले.

परांजपे साहेब मांडवाच्या दारात उभे. समोर त्यांचेच कपडे हळद लावून बसलेले. मला वाटलं, आता पोलीस. हरेशची आजी पुढे आली. चिंचोके मोजायला बसवली तर ते संपतील पण तिची वर्षं संपणार नाहीत, अशी बाई. तिने साहेबांकडे पाहिलं, बाहुल्याकडे पाहिलं आणि विचारलं, "यो तुमचा भाव का?"

"हो," साहेब म्हणाले. "धाकटा."

तिथे माझ्या मनातून हा माणूस एकदम वर गेला.

मग काय, साहेबांनाही हळद, मलाही हळद. मला माईक दिला, मी एकविसाव्या मजल्यावरून पडल्याचं सांगितलं, टाळ्या घेतल्या. हरेशने सुमनताईंना व्हिडिओ कॉल लावला. साहेब फोनसमोर ओरडत होते, "सुमन, हे बघ, मला हळद लागली!" मागे पोरांनी आजीला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी खुर्ची खांद्यावर घेतली होती आणि नाचत होते. आजी वर बसून हात उडवतेय, खुर्ची पुढे, खुर्ची मागे, स्टेजच्या पायऱ्या चढली काय, उतरली काय.

"अहो, तुम्ही बाजूला व्हा," फोनमधून आवाज आला. एक्स्चेंजचा आवाज, बँजोच्या वर. "मागे काय चाललंय? त्या आजींना दाखवा."

साहेब बाजूला झाले.

"हरेश, त्यांचं वजन किती असेल?"

"हाय की काकू, भरपूर. मावरं खाऊन वाढलेली हाय."

"आणि पायऱ्या उतरवल्यात ना त्यांना आत्ता?"

"दोनदा."

मग सुमनताई म्हणाल्या, "मग मी इतके दिवस आकाशाकडे काय बघत बसल्ये?"

साहेब फोन हातात धरून उभे. गालावर हळद, डोळ्यांत पाणी. मी दुसरीकडे बघितलं. मांडवात अशा वेळी बघायला खूप काही असतं.

नंतर मी आणि हरेशने खुर्ची बनवली. आमच्या लटकायच्या फळीची बैठक, पाठीला कापड, छातीला आणि मांड्यांना आमचेच पट्टे, खांद्यावर घ्यायला चार बाजूंना चार दांडे. जिन्यात खुर्ची जरा मागे कलती ठेवायची, खालच्या दोघांनी वजन घ्यायचं, वरच्या दोघांनी तोल धरायचा. उचलायला सोसायटीचीच माणसं. बाहेरची माणसं आग लागल्यावर येतात, शेजारी आधीच घरात असतात. दर पाच मजल्यांवर चौघे बदलायचे.

पहिल्या सरावाला सुमनताई पैठणी नेसून आल्या. "एवढ्या पुरुषांच्या खांद्यावरून जायचं तर गाऊनवर जाऊ?" प्रत्येक मजल्यावर दारं उघडली. समोरासमोर राहणाऱ्या लोकांनी त्या दिवशी एकमेकांना पहिल्यांदा नावं विचारली. चोविसाव्यावरून कोणी सरबत दिलं. सतराव्यावर एक आयटीवाला गृहस्थ दांडा धरताना म्हणाला, "आंटी, मला टेन्शन आलंय." ताई म्हणाल्या, "मला उचलतोस तू आणि टेन्शन घेतोस तू, मग मी करू काय?" खाली पोचल्यावर टाळ्या पडल्या, त्या केशरी छत्रीपेक्षा जोरात. दर महिन्याला सराव ठरला.

आणि एक दिवस खरंच धूर झाला.

सकाळची वेळ. साहेबांचा फोन, "गायकवाड, मीटररूममध्ये धूर आहे, लिफ्ट बंद..." आणि फोन कट. परत लावला, लागेना. मी जुईनगरहून रिक्षा केली. रिक्षात बसून या बढाईखोर तोंडातून एक शब्द फुटेना. डोळ्यांपुढे रघूची ती सपाट फरशी. मध्ये काहीच नसलेली.

टॉवरच्या गेटवर बंब उभा. मी आत धावलो. हिरवळीवर गर्दी, आणि गर्दीच्या मधोमध, आमच्या फळीच्या खुर्चीत, सुमनताई. हातात कप. डोक्यावर उन्हाला आडोसा म्हणून चार पोरांनी केशरी पॅराशूटचं कापड धरलेलं. खरंच अर्ध्या सेक्टरवर सावली पडली होती.

"या गायकवाड! चहा घ्या. बाविसाव्यावरच्या बाईंनी थर्मास उचलून आणला, शहाणी मुलगी."

"ताई, साहेब कुठे?"

"येतायत. दाराला कुलूप लावायला थांबलेत."

तेवढ्यात जिन्याच्या दारातून साहेब आले. घामाघूम, धापा टाकत, आणि पाठीवर निळी बॅग.

"अहो, हे कशाला आणलंत?"

"असू दे," साहेब म्हणाले, आणि ताईंच्या खुर्चीशेजारी हिरवळीवर फतकल मारून बसले. ताईंनी आपला कप त्यांच्या हातात दिला.

धूर निवळला, वायर बदलली, कोणाला काही झालं नाही. पण माझं मोठं नुकसान झालं. आता कोपरखैरण्यात कुठेही हळद असो, वाढदिवस असो, मी माझी गोष्ट सुरू केली की सुमनताई हात वर करतात. "गायकवाड, तुम्ही पडलात. मी एकतिसाव्या मजल्यावरून आल्ये. बसून. आणि खाली आले तेव्हा साडीची एक निरी हलली नव्हती." मग माईक त्यांच्याकडे. माझ्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

तेव्हा संपादकसाहेब, हा लेख छापताना एक दुरुस्ती करून घ्या. वर जिथे जिथे अकरावा, सोळावा, एकविसावा आलंय, ते सगळं नजरचुकीने झालंय. मी पडलो तो बत्तिसाव्या मजल्यावरून. रबाळ्यात त्या काळी एवढी उंच इमारत होती कुठे, असं कोणी विचारलं तर सांगा, होती. गायकवाड पडला तेव्हा ती तिथेच होती.